ब्रोकन प्रॉमिसेस, मुक्काम पोस्ट ब्राँक्स

न्यूयॉर्कला पहिल्यांदा गेलेल्या मराठी माणसाची यादी ठरलेली असते. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर, एम्पायर स्टेट, जमलं तर एखादा ब्रॉडवे शो आणि शेवटी जॅक्सन हाइट्सला जाऊन पाणीपुरी. माझ्या यादीत यातलं सगळं होतंच (मी काही फार वेगळी नाही), पण शिवाय एक भिंत होती.

‘ब्राँक्समध्ये?’ ताईने म्हणजे माझ्या मावसबहिणीने चहाचा कप खाली ठेवला. ‘अगं, अकरा वर्षं झाली मला इथे. मी अजून ब्राँक्स झू सुद्धा बघितलेलं नाही. काय आहे त्या भिंतीवर?’

‘काही नाही. भिंतच नाहीये आता.’

यावर ताईने जिजूंकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मला लहानपणापासून ओळखीची आहे.

तर ही भिंत मी पहिल्यांदा बघितली ती एका फोटोत. साल १९८०, महिना ऑगस्ट. सूट घातलेला एक उंच माणूस विटा-माळरानाच्या मधोमध उभा आहे, आजूबाजूला पत्रकारांचा गराडा. मागे एक ओसाड इमारत. खिडक्यांच्या जागी नुसती काळी भोकं. आणि तिच्या भिंतीवर, पेटाऱ्यांवर माल कुठला ते छापतात तशा ठोकळेबाज अक्षरांत, लांबून वाचता येईल एवढं मोठं लिहिलेलं: ‘डिके’. म्हणजे ऱ्हास, सडणं, कुजणं. आणि ‘ब्रोकन प्रॉमिसेस’. मोडलेली वचनं.

सूटवाले गृहस्थ म्हणजे रोनाल्ड रेगन. राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारासाठी आलेले. आणि ती अक्षरं ज्याने रंगवली, तो जॉन फेकनर. क्वीन्सचा पोरगा. आज ‘स्टेन्सिल ग्राफिटी’ म्हटलं की आपल्याला पटकन बँक्सी आठवतो. उंदीर, फुगा घेतलेली मुलगी, लिलावात स्वतःलाच कापून घेणारं चित्र वगैरे. पॅरिसमध्ये ब्लेक ल रा या कलावंताने उंदरांचे छापे मारायला सुरुवात केली ती १९८१च्या सुमाराला. फेकनर त्याच्याही चार-पाच वर्षं आधीचा. फक्त त्याने उंदीर काढले नाहीत, फुगे काढले नाहीत. त्याने शब्द लिहिले. एक शब्द, फार तर चार. बास!

स्टेन्सिल म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. दिवाळीत दारात टाकायचा तो पत्र्याचा रांगोळीचा छापा, तेच तंत्र. निवडणुकीत भिंतीभिंतीवर उमटणारी पक्षांची चिन्हं, पोत्यांवरचे नंबर, सगळं तेच. फेकनर जाड पुठ्ठ्यात मोठमोठी अक्षरं कापायचा, पुठ्ठा भिंतीला टेकवायचा आणि वरून स्प्रे मारायचा. काही मिनिटांचं काम. गंमत अशी की स्टेन्सिलचं अक्षर कुणाच्याच हातचं वाटत नाही. त्यात सही नाही, वळण नाही. ते सरकारी वाटतं. एखाद्या खात्याने येऊन लावलेली नोटीस असावी तसं. सबवेच्या डब्यांवर रंगीबेरंगी नावं रंगवणारी पोरं त्याच काळात न्यूयॉर्क गाजवत होती. ‘मी इथे आहे’ असं ती ओरडून सांगायची. फेकनर स्वतःबद्दल काहीच सांगत नव्हता. तो फक्त वस्तूंना लेबल लावत होता. गंजून पडलेली गाडी? ‘डिके’. फाटून लोंबणारी जाहिरातीची पाटी? ‘डिके’. १९७६ पासून दोन-तीन वर्षं तर तो कारखान्यांच्या भागात नुसत्या तारखा छापत फिरला. कसली तारीख, कशाची, काही नाही. बघणाऱ्याने खुशाल डोकं खाजवावं.

आपल्याकडे पावसाळ्याआधी म्हाडाची अतिधोकादायक इमारतींची यादी येते ना, तिचा हा भाऊ म्हणा. फरक एवढाच, की ही यादी काढायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता योगायोग बघा. हा फेकनर वाढला कुठे, तर जॅक्सन हाइट्सला! म्हणजे जिथे मी ताईच्या सोफा-कम-बेडवर झोपले होते, तिथून पायी अर्ध्या तासावर.

जॅक्सन हाइट्स म्हणजे आपल्या लोकांसाठी फक्त चौऱ्याहत्तरावा रस्ता. पटेल ब्रदर्समधल्या भेंडीच्या राशी, सोन्याची दुकानं, भुवया करून देणारी पार्लर्स, वरून धडधडत जाणारी सात नंबरची ट्रेन. तुम्ही त्या ट्रेनच्या सांगाड्याखाली उभे राहून पान खाऊ शकता आणि काही क्षण दादरला असल्यासारखं वाटू शकतं. पण या भागाला अक्षरांचाही एक इतिहास आहे. स्क्रॅबल हा खेळ इथल्याच आल्फ्रेड बट्सने शोधला, म्हणून एक्क्याऐंशीवा रस्ता आणि पस्तिसावी अॅव्हेन्यू जिथे मिळतात, तिथल्या पाटीवर प्रत्येक अक्षराखाली त्याचे पॉइंट छापलेत. रोज त्या कोपऱ्यावरून जाणाऱ्या ताईला हे माहीत नव्हतं. मी दाखवल्यावर तिने पाटीचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. माझा पहिला विजय!

दुसरा विजय मिळवायला मी तिला गॉर्मन पार्कला घेऊन गेले. पंचविसाव्या अॅव्हेन्यूजवळची ही बाग तशी साधीच. मुलं खेळतायत, आया फोनवर बोलतायत, विमानतळ जवळ असल्यामुळे दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जातंय. १९६८ साली अठरा वर्षांच्या फेकनरने इथे मोठ्या पांढऱ्या अक्षरांत ‘इचिकू पार्क’ असं रंगवलं. ‘स्मॉल फेसेस’ या ब्रिटिश बँडचं त्या नावाचं गाणं आदल्याच वर्षी गाजलं होतं. पोरगेलंसं खूळ, दुसरं काय. तिथून दहा वर्षांनी तो याच बागेत परत आला. आता तो लाँग आयलंड सिटीच्या ‘पी. एस. वन’मध्ये काम करणारा कलावंत होता. (हे पी. एस. वन म्हणजे एक बंद पडलेली शाळा. १९७६ मध्ये तिथे वर्गांवर्गांतून प्रदर्शन भरलं आणि पुढे ती मोठी गॅलरीच झाली.) १९७८ मध्ये त्याने गॉर्मन पार्कात ‘डिटेक्टिव्ह शो’ नावाचं प्रदर्शन मांडलं. कलाकृती बागेत अशा बेमालूम मिसळलेल्या की बघणाऱ्याने गुप्तहेर होऊन शोधाव्यात.

‘म्हणजे तेव्हाही काही दिसत नव्हतं आणि आताही दिसत नाही,’ ताई म्हणाली. ‘तू अशाच जागा शोधून काढतेस का?’

बोलायला ती अशीच आहे.

ब्राँक्सला मात्र मी एकटीच निघाले. ताईला ऑफिस होतं, आणि खरं सांगायचं तर तिला यायचंही नव्हतं. सात नंबरची ट्रेन क्वीन्सभर उंचावरून धावते, त्यामुळे खिडकीतून फुकटात सिटी टूर होते. कोर्ट स्क्वेअर जवळ आलं की चकचकीत काचेचे टॉवर दिसायला लागतात. इथेच ‘फाइव्ह पॉइंट्झ’ होतं. अख्खी फॅक्टरी जगभरच्या ग्राफिटी कलावंतांनी रंगवलेली. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये एका रात्रीत मालकाने सगळ्या चित्रांवर पांढरा रंग फासला आणि पुढच्या वर्षी इमारत पाडून तिथे टॉवर उभे केले. कलावंत कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये कोर्टाने त्यांना तब्बल ६७ लाख ५० हजार डॉलरची भरपाई मंजूर केली. रस्त्यावरच्या चित्रालाही कायद्याचं संरक्षण मिळू शकतं, हे त्या निकालाने ठळकपणे दाखवून दिलं.

मला वाटतं फेकनरची केस याच्या बरोब्बर उलटी आहे. त्याचं म्हणणं असं, की मी पडक्या इमारतीवर ‘डिके’ लिहितो ते महापालिकेने, मालकाने, कुणीतरी तिकडे बघावं म्हणून. ती इमारत दुरुस्त झाली किंवा पाडून जागा साफ झाली, आणि त्याबरोबर माझी अक्षरं गेली, तर काम फत्ते. म्हणजे काम पुसलं जाणं हेच यश! ऑफिसमध्ये अप्रेझलच्या फॉर्मवर हे लिहून बघा.

ग्रँड सेंट्रलला गाडी बदलून पाच नंबर पकडली. मॅनहॅटन संपतं, हळूहळू डब्यातले टाय आणि लॅपटॉप बॅगा कमी होत जातात, स्पॅनिश वाढत जाते, आणि मग गाडी एकदम बोगद्यातून वर उजेडात येते. एकशे चौऱ्याहत्तराव्या रस्त्याचं स्टेशन. लोखंडी जिना उतरून खाली आले तेव्हा मनात, खोटं कशाला बोलू, थोडी धाकधूक होती. इतकी वर्षं हॉलिवूडने ब्राँक्सची एवढी भीती घातलीय की बॅग नकळत पोटाशी धरली जाते. पुढून एक शाळकरी मुलगा आला आणि माझ्या हातातला मोबाइलचा नकाशा बघून, मी विचारायच्या आधीच, ‘क्रोटोना पार्क तिकडे’ म्हणून हात दाखवून गेला. बॅग मी परत खांद्यावर घेतली.

शार्लट स्ट्रीट हा तसा एवढासा रस्ता. चार-पाच मिनिटांत चालून संपतो. पण सत्तरच्या दशकात ही अमेरिकेतली सगळ्यात बदनाम गल्ली होती.

का झालं असं? याचं एका वाक्यात उत्तर नाही. एक कारण रस्त्याचंच. रॉबर्ट मोझेस नावाच्या बलाढ्य अधिकाऱ्याने १९४८ पासून पुढची पंधरा वर्षं ब्राँक्सच्या पोटातून क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेस वे काढला. हजारो बिऱ्हाडं उठली, वस्त्यांचे दोन तुकडे झाले. ज्यांना जमलं ते उपनगरात गेले. मागे राहिले ते मुख्यतः गरीब, काळे आणि प्वेर्तो रिकन. बँकांनी या भागाला कर्ज द्यायचंच बंद केलं. नकाशावर लाल रेघ मारली की संपलं. भाड्यात दुरुस्तीचा खर्च निघेना, तेव्हा काही मालकांनी हिशेब केला: इमारत चालवण्यापेक्षा जाळून विम्याचे पैसे घेणं परवडतं! त्यात १९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आलं. पैसे वाचवायला कात्री कशाला लागली असेल? अग्निशमन दलाला. आगी वाढतायत आणि बंब कमी होतायत. एकट्या ब्राँक्सची लोकसंख्या १९७० मध्ये १४ लाख ७० हजारांच्या आसपास होती, ती १९८० मध्ये ११ लाख ७० हजारांवर आली. तीन लाख माणसं! लढाई नाही, भूकंप नाही.

१९७७च्या ऑक्टोबरमध्ये यँकी स्टेडियमवर वर्ल्ड सिरीजची मॅच चालू असताना टीव्हीच्या हेलिकॉप्टर कॅमेऱ्याला जवळच जळणारी इमारत दिसली. ‘लेडीज अँड जंटलमन, द ब्राँक्स इज बर्निंग’ असं कॉमेंट्री करणारा हॉवर्ड कोसेल म्हणाला, अशी दंतकथा आहे. रेकॉर्डिंग तपासलं तर तो असं म्हणालाच नव्हता. पण दंतकथेला काय, एकदा पसरली की पसरली.

त्याच्या आदल्याच आठवड्यात, ५ ऑक्टोबर १९७७ला, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर शार्लट स्ट्रीटवर येऊन गेले होते. विटांच्या ढिगाऱ्यांतून चालले, फोटो निघाले, मदतीचं आश्वासन दिलं. तीन वर्षं गेली. ढिगारे होते तसेच.

मग आलं १९८०. ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं मोठं अधिवेशन मॅनहॅटनमध्ये भरणार होतं. त्याला उत्तर म्हणून वेगवेगळ्या संघटनांनी शार्लट स्ट्रीटच्या मोकळ्या रानात स्वतःचं ‘पीपल्स कन्व्हेन्शन’ भरवायचं ठरवलं. फेकनरने आपले पुठ्ठे आणले आणि त्या ओसाड भिंतींवर शब्द छापले. ‘डिके’. ‘ब्रोकन प्रॉमिसेस’. आणि शेजारी तेच स्पॅनिशमध्ये, ‘फाल्सास प्रोमेसास’, कारण जे लोक तिथे राहत होते त्यांनाही वाचता आलं पाहिजे. ‘लास्ट होप’. शेवटची आशा. ‘सेव्ह अवर स्कूल’. आमची शाळा वाचवा.

५ ऑगस्टला रेगन आले. कार्टरनी शब्द दिला आणि पाळला नाही, हे दाखवायला यापेक्षा भारी बॅकग्राउंड कुठे मिळणार? पण जमलेले लोक त्यांनाच विचारायला लागले, की तुम्ही काय करणार ते सांगा. आरडाओरडा वाढला तेव्हा रेगन वैतागून ओरडले, मी निवडूनच आलो नाही तर तुमच्यासाठी काय करणार! निवडून आले. आणि त्यांच्या कारकिर्दीत केंद्राच्या गृहनिर्माणाच्या पैशाला मोठी कात्री लागली.

मला या फोटोतली ही गोष्ट छळते. भिंतीवरचे शब्द पुढाऱ्यांसाठी लिहिलेले, आणि पुढारी त्याच शब्दांपुढे पोझ देऊन उभा. जणू हे दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिलंय! मग लिहून काय झालं? मी पोटासाठी लिहिते, त्यामुळे हा प्रश्न मला जरा जास्तच टोचतो.

आणि आज तिथे काय आहे? घरं. बैठी, टुमदार, समोर हिरवळ, लोखंडी कुंपण, दारात गाडी. अमेरिकन सिनेमात उपनगरातलं सुखी कुटुंब दाखवतात ना, अगदी तसली. मधल्या काळात इथे पाडापाड झाली आणि एड लोग नावाच्या नगररचनाकाराने, ‘मिड-ब्राँक्स डेस्परॅडोज’ या स्थानिक संघटनेला बरोबर घेऊन, १९८३ पासून ‘शार्लट गार्डन्स’ उभं केलं. सुमारे ९० घरं. कारखान्यात तयार झालेली, दोन-दोन अर्ध्या भागांत ट्रकवरून आलेली. किंमत पन्नास-साठ हजार डॉलरच्या घरात. न्यूयॉर्कसारख्या शहरात एवढ्या जागेत एवढीच घरं? वेडेपणा आहे, दाट इमारती बांधा, असं बऱ्याच जाणकारांचं मत पडलं. पण लोकांना हवं होतं ते हेच. स्वतःचं दार, स्वतःचं अंगण. १९९७ मध्ये बिल क्लिंटन इथे आले तेव्हा दाखवायला ढिगारे नव्हते, गवत होतं.

त्या गवताला पाणी घालणाऱ्या एक आजी मला बराच वेळ बघत होत्या. मी जुना फोटो प्रिंट काढून नेला होता आणि ती इमारत नेमकी कुठे असेल, याचा अंदाज घेत त्याच त्याच फुटपाथवर चकरा मारत होते.

‘घर शोधतेस का?’ त्यांनी विचारलं.

मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून नीट बघितला आणि परत दिला. हा फोटो त्यांनी खूप वेळा बघितला होता. टीव्हीवाले येतात, कॉलेजची मुलं येतात, सगळ्यांकडे हाच फोटो असतो. ‘या फोटोत माझं घर कुठेय?’ त्या म्हणाल्या. ‘चाळीस वर्षांच्या आसपास होतील मला इथे. मुलं इथे वाढली. पण येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या आधीचंच बघायचं असतं.’

मला काय बोलावं सुचेना. कॅमेरा गळ्यात होता तो मी बॅगेत टाकला. त्यावर त्या हसल्या. फोटो काढायचाच तर गुलाबांचा काढ म्हणाल्या, या वर्षी चांगले आलेत. काढला.

पुढे क्रोटोना पार्कात एक तळं आहे, त्याचं नाव इंडियन लेक. आपला काही संबंध नाही, ते दुसरे इंडियन. तिथल्या बाकावर सँडविच खात बसले असताना मला आणखी एक गोष्ट आठवली. १९८३ मध्ये, म्हणजे शार्लट गार्डन्सची पहिली घरं येत होती त्याच वर्षी, न्यूयॉर्क महापालिकेने एक भन्नाट आयडिया काढली. क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेस वेवरून जाणाऱ्यांना दोन्ही बाजूंच्या ओसाड इमारती बघवत नाहीत, मग करायचं काय? तर त्यांच्या खिडक्यांवर विनाइलची स्टिकर्स लावायची! स्टिकरवर काय, तर खिडकीचे पडदे, झडपा आणि फुलांच्या कुंड्या. गाडीतून भरधाव जाताना वाटावं, की इथे कुणीतरी राहतंय. विनोद नाही, खरंच लावली होती. एड कॉच तेव्हा महापौर होते. टीका झाली, टिंगल झाली, तरी लावली.

एका भिंतीवर पुठ्ठ्यातून छापलेलं ‘डिके’. दुसऱ्या भिंतीवर खोटी कुंडी. दोन्हीचा खर्च, मेहनत, टिकाऊपणा धरला तर फार फरक नाही.

संध्याकाळी ताईला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच हसली नाही. फोन काढून तिने मला एक फोटो दाखवला. मावशीने मागच्या महिन्यात पाठवलेला. गिरगावातली आमची चाळ, म्हणजे चाळीची जागा. आम्ही दोघी त्याच गॅलरीत वाढलो. पाडून सात वर्षं झाली. बिल्डर म्हणाला होता छत्तीस महिने. भाड्याचे चेक दोन वर्षं आले, मग थांबले. मावशी-काका डोंबिवलीला भाड्याने राहतात. फोटोत प्लॉटभोवती निळे पत्रे आहेत आणि त्यावर लांबलचक फ्लेक्स. फ्लेक्सवर चाळीस मजली टॉवर, स्विमिंग पूल, योगा करणारी बाई आणि तिच्या बाल्कनीत फुलांच्या कुंड्या.

‘कुंड्या,’ ताई म्हणाली.

मी ऑफिससाठी प्रॉपर्टी पुरवण्यांचे मजकूर लिहायचे तेव्हा अशा बाल्कन्यांबद्दल डझनाने लिहिलंय. ‘समृद्ध जीवनशैलीचा श्रीगणेशा’ वगैरे. ते ताईला माहीत आहे. ती त्याबद्दल काही बोलली नाही, हे बरं केलं.

रविवारी ती स्वतःहून म्हणाली, की आता ती तुझी दुसरी भिंत दाखव. दुसरी म्हणजे पुलास्की ब्रिज. क्वीन्स आणि ब्रुकलिनला जोडणारा हा पूल मिडटाऊन टनेलच्या तोंडाशी आहे. पुलाखालून गाड्या बोगद्यात शिरतात आणि पलीकडे मॅनहॅटनला निघतात. १९७९ मध्ये फेकनरने इथे लिहिलं, ‘व्हील्स ओव्हर इंडियन ट्रेल्स’. इंडियनांच्या पायवाटांवरून चाकं. इथल्या मूळ रहिवाशांच्या पाऊलवाटा होत्या, त्यावरून आता तुमची गाडी चाललीय, एवढंच. शार्लट स्ट्रीटची अक्षरं इमारतींबरोबर गेली, पण ही तशीच राहिली. एक-दोन नाही, अकरा वर्षं! कुणी खोडली नाहीत, कुणी त्यावर दुसरं काही लिहिलं नाही. रोज टनेलच्या रांगेत अडकलेले हजारो लोक ती वाचत होते.

आणि मग १९९०च्या वसुंधरा दिनी फेकनर स्वतः तिथे गेला आणि स्वतःच्या हाताने त्यावर रंग फिरवून आला. तो तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. या कामाचे दिवस संपले असं त्याला वाटलं.

पुलावर पादचाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. वारा भणाणत होता, आम्ही कठड्याला टेकून उभ्या. खाली गाड्यांच्या रांगा, पलीकडे मॅनहॅटनचे टॉवर. अक्षरं नक्की कुठल्या बाजूला होती, यावर माझा थोडा गोंधळ झाला. आधी मी एक कमान दाखवली, मग दुसरी.

‘पण त्याने स्वतःच का पुसलं?’ ताईने विचारलं. ‘लोक तर वाचत होते.’

‘रोज बघून बघून दिसेनासं होतं ना.’

‘हं.’

मग बराच वेळ ती खालच्या गाड्या बघत राहिली. घरी परतताना ट्रेनमध्ये तिने तो निळ्या पत्र्यांचा फोटो पुन्हा काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि मला विचारलं, ‘तो पुठ्ठा किती जाड लागतो गं?’